घरच्यांना पहिल्यांदा मोशन गेम खेळायला देताना : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) घरात येतो, रविवारी सगळे हॉलमध्ये जमतात, कुणीतरी आजींच्या हातात रिमोट देतं आणि समोर इंग्रजी मेनू उघडतो. आजी रिमोट टीव्हीकडे धरून बटणं दाबतात, काहीच होत नाही. नातू म्हणतो, "थांब, मी दाखवतो," आणि पुढचा अर्धा तास तोच खेळतो. संध्याकाळपर्यंत घरात ठरून जातं की हे पोरांचं खेळणं आहे, आपल्याला जमायचं नाही.

न जमण्याचं कारण आजींमध्ये नसतं. खोली तयार नसते, यंत्र आदल्या दिवशी तपासलेलं नसतं, पहिला गेम चुकीचा निवडलेला असतो आणि शिकवणारा एका दमात सात बटणं सांगतो. हात हलवून खेळायचे गेम खरं तर कधीच न खेळलेल्या माणसांसाठी सगळ्यात सोपे. फक्त पहिली दहा मिनिटं त्यांच्यापर्यंत मेनू पोचता कामा नये. खालचे टप्पे त्यासाठी आहेत. क्रम बदलू नका, कारण बहुतेक चुका क्रमाच्याच असतात.

## १. यंत्र हालचाल कशी ओळखतं, हे आधी समजून घ्या

सगळी यंत्रं बाहेरून सारखी वाटली तरी हालचाल ओळखण्याची प्रत्येकाची रीत वेगळी आहे. त्यामुळे बिघाडही वेगळे होतात.

निन्टेंडो स्विच (२०१७ पासून). यातल्या जॉय-कॉनच्या (हातात धरायच्या सुट्या कंट्रोलरच्या) पोटातच गती आणि वळण मोजणारे सेन्सर असतात. हात किती जोरात आणि कोणत्या बाजूला वळला हे तो स्वतःच ओळखतो. टीव्हीकडे रोखून धरायची गरज नाही, खोलीतल्या उजेडाचाही फरक पडत नाही. २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ वरही हे गेम चालतात. जुने जॉय-कॉन त्याला वायरलेस जोडता येतात, पण त्याच्यावर चार्ज होत नाहीत, हे लक्षात ठेवा.

निन्टेंडो वी (२००६). सेकंडहँड बाजारात हा अजून मिळतो आणि नवख्यांसाठी आजही चांगला आहे. टीव्हीजवळ ठेवायच्या पट्टीला सेन्सर बार म्हणतात, पण तिच्यात सेन्सर नसतो. दोन टोकांना डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे दिवे असतात, बस्स. बघणारा कॅमेरा असतो रिमोटच्या नाकावर. म्हणून पडद्यावर नेम धरताना त्या नाकावर बोट आलं की बाण गायब.

एक्सबॉक्स ३६० चा कायनेक्ट (२०१०). हातात काहीच धरायचं नाही, कॅमेरा तुमचं शरीर बघतो. ऐकायला सोपं, पण जागा जास्त लागते. एकट्याला कॅमेऱ्यापासून सुमारे ६ फूट, दोघांना ८ फूट अंतर हवं.

> विकत घेण्याआधी थांबा. स्विच लाइट हा स्वस्त प्रकार टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. घरच्यांसोबत हात हलवून खेळण्यासाठी तो घेऊ नका. जुना वी घेताना ॲडॉप्टरवरचं लेबल वाचा. जपानी किंवा अमेरिकी वीचा ॲडॉप्टर १०० ते १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला तर जळतो. स्विचचा मूळ ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्याला फक्त पिन बदलणारा प्लग लागतो. आणखी एक: वीच्या डिस्क ज्या प्रदेशाच्या असतात, त्याच प्रदेशाच्या यंत्रावर चालतात.

## २. खोली

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सोलापुरातला नेहमीचा हॉल दहा बाय बारा फुटांचा. त्यात सोफा, टीपॉय, एका भिंतीला दिवाण. एवढ्यात दोघांचं खेळणं नीट बसतं, पण सामान हलवल्याशिवाय नाही.

जागा अशी मोजा. खेळणाऱ्याला मधोमध उभं करा, दोन्ही हात बाजूला पसरायला सांगा आणि जागच्या जागी एक गिरकी घ्यायला सांगा. बोटांच्या टोकापासून पुढे आणखी दोन फूट काहीच नको: टीपॉयचा कोपरा नको, टीव्ही नको, माणूसही नको. दोघं खेळणार असतील तर दोघांनी हात पसरून शेजारी उभं राहावं, बोटं एकमेकांना लागायला नकोत.

पंखा. हे बहुतेक जण विसरतात. साडेपाच फुटी माणसाने हात वर केला की बोटं सात फुटांपर्यंत जातात, हातात रिमोट असेल तर आणखी वर. जुन्या घरात माळ्याखाली छत बुटकं असतं, तिथे पंख्याची पाती अगदी हाताजवळ येतात. उभं राहून, रिमोट धरून हात सरळ वर करून बघा. पात्यात आणि हातात एक फुटाचं अंतर नसेल तर जागा बदला. ‘पंखा बंद ठेवू’ म्हणू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना कुणीतरी उठून तो लावणारच.

कूलर. खिडकीतल्या कूलरची वायर खेळायच्या जागेतून जाऊ देऊ नका. खाली सांडलेलं पाणी पुसून घ्या. शहाबादी फरशीवर ओला पाय सटकतो.

पायाखाली काय हवं. हौसेने सोलापुरी चादर किंवा सतरंजी अंथरू नका. गुळगुळीत फरशीवर ती पायाखालून सरकते आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच पुढे झेपावतो. फरशी मोकळी ठेवा, पाय अनवाणी. मोजे नकोत, घरात घालायच्या स्लिपरही नकोत. प्रत्येकाच्या उभं राहण्याच्या जागी चिकटपट्टीने दोन फुटांचा चौकोन काढा. खेळाच्या रंगात माणूस नकळत टीव्हीकडे सरकत जातो. चौकोन असला की मागे बसलेलेच ओरडतात, "काकू, रेषा!"

उजेड. स्विच असेल तर हा परिच्छेद सोडा. वी असेल तर पश्चिमेच्या खिडकीतून टीव्हीवर किंवा सेन्सर बारवर येणारं ऊन अडवा, उन्हातही इन्फ्रारेड असतो. टीव्हीशेजारी देवघर असेल आणि समई किंवा निरांजन तेवत असेल तर रिमोट ज्योतीलाच सेन्सर बारचा दिवा समजतो आणि बाण उड्या मारतो. अशा वेळी रिमोट बिघडलाय असं वाटतं, पण कारण ज्योत असते. दिवा विझवायला कुणाला सांगू नका, टीव्हीच दुसऱ्या भिंतीला घ्या किंवा दिवेलागणीआधी खेळून घ्या.

> तपासा. मागे बसणाऱ्यांची जागा ठरली का? लहान मुलं खेळणाऱ्याच्या मागून पळत जातात आणि मागे आलेला हात त्यांच्या तोंडावर बसतो. मुलांना दिवाणावर बसवा आणि खेळणाऱ्याच्या मागे तीन फूट रिकामं ठेवा.

## ३. जोडणी आदल्या दिवशी उरका

पाहुणे आल्यावर वायर शोधणं म्हणजे पहिला अर्धा तास वाया.

स्विचच्या डॉकला (तो ज्यात बसवून टीव्हीला जोडतात त्या स्टँडला) त्याचा मूळ ॲडॉप्टरच लावा. मोबाईलच्या चार्जरवर बॅटरी हळूहळू भरेल, पण टीव्हीवर चित्र यायला ॲडॉप्टरचे १५ व्होल्ट लागतात. डॉक लोखंडी कपाटात किंवा टीव्हीच्या अगदी मागे ठेवू नका, जॉय-कॉनचा सिग्नल अडतो. वीला एचडीएमआय नसतो. नव्या टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी भोकं नसतील तर वी ते एचडीएमआय कन्व्हर्टर आधीच आणून ठेवा.

टीव्हीचा गेम मोड लावा. ही एक सेटिंग सगळ्यात जास्त फरक पाडते आणि सगळ्यात जास्त विसरली जाते. चित्र सुंदर दिसावं म्हणून टीव्ही प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करतो, त्यात क्षणभर उशीर होतो; गेम मोड तो कमी करतो. मालिका बघताना तो कळत नाही. टेनिसमध्ये मात्र चेंडू दिसतो तेव्हा तो खरं तर पुढे गेलेला असतो. रोज खेळणारा सवयीने आधीच हात फिरवतो. नवखा प्रत्येक वेळी चुकतो आणि दोष स्वतःला देतो.

चार्जिंग. जॉय-कॉन पूर्ण भरायला सुमारे साडेतीन तास लागतात, मग ते सुमारे २० तास चालतात. रात्री कन्सोलला लावून ठेवले की पुरे. वीच्या प्रत्येक रिमोटला दोन पेन्सिल सेल लागतात, दोन जास्तीचे जवळ ठेवा.

वीज. हॉलमधला टीव्हीचा पॉइंट इन्व्हर्टरवर आहे का, ते बघा. बऱ्याच घरांत इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि दिवे असतात. मग वीज गेली की स्विच स्वतःच्या बॅटरीवर जिवंत राहतो, पण टीव्ही काळा पडतो.

चेहरे आधीच बनवा. खेळणाऱ्या प्रत्येकाचं छोटं पात्र आदल्या रात्री तयार ठेवा. मामांच्या मिशा, आजोबांचा चष्मा, आत्यांचा अंबाडा. पडद्यावर स्वतःला ओळखल्यावर जो ओढा वाटतो तो कोणत्याही समजावण्याने येत नाही. पण समोर बसवून बनवायला घ्याल तर एकेकाला दहा मिनिटं लागतील आणि बाकीचे कंटाळून चहा टाकायला उठतील. डावखुऱ्यांची नोंदही याच वेळी करा.

> तपासा. प्रत्येक रिमोटने एकदा तरी बोलिंगची (चेंडू घरंगळत सोडून पिना पाडायच्या खेळाची) पूर्ण फेक टाकून बघा. पात्राचा हात आपोआप एका बाजूला वळत असेल तर स्विचच्या सेटिंगमधल्या कंट्रोलर्स आणि सेन्सर्सच्या पानावर जाऊन मोशन कंट्रोल कॅलिब्रेट करा, म्हणजे सेन्सर पुन्हा जुळवून घ्या. त्या वेळी जॉय-कॉन सपाट टेबलावर ठेवायचा, हातात धरायचा नाही. हातात धरून केलेलं कॅलिब्रेशन आधीपेक्षा वाईट निघतं.

## ४. दिवस, वेळ आणि माणसं

पाणी येण्याच्या दिवशी बेत ठेवू नका. सोलापुरात काही दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी घरातल्या बायकांचं अर्धं लक्ष नळाकडे असतं आणि त्यांना मध्येच उठावं लागतं. ज्यांना शिकवायचंय त्यांनाच उठावं लागणार असेल तर बैठकीला अर्थ नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतात, हवाही बरी असते. तो काळ उत्तम. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचेमंडळी असतात, तेव्हा सकाळी दहाच्या आत किंवा रात्री जेवणानंतर तासाभराने.

एका वेळी नवखे चारपेक्षा जास्त नकोत. प्रत्येकाची पाळी तीन-चार मिनिटांत परत आली पाहिजे. आठ जण असतील तर चौघं खेळतील, चौघं बघतील, मग अदलाबदल.

एकच माणूस मेनू सांभाळेल, हे आधी ठरवा. तो स्वतः खेळणार नाही. हा नियम आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि पाळायला सगळ्यात अवघडही, कारण मेनू सांभाळणारा बहुधा घरातला गेमचा शौकीन असतो आणि त्याचे हात शिवशिवत असतात.

खाणं खेळाच्या आधी किंवा नंतर. भाकरीसोबत शेंगाचटणी खाल्लेला तेलकट हात रिमोटला लागला की रिमोट निसटतो आणि बटणाच्या फटीत गेलेलं तेल निघत नाही.

## ५. रिमोट हातात देण्यापूर्वी

मनगटाचा पट्टा आधी, रिमोट नंतर. वी बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच लोकांच्या हातून रिमोट सुटून टीव्ही फुटू लागले, आणि डिसेंबर २००६ मध्येच निन्टेंडोला पट्ट्याची दोरी जाड करून बदलून द्यावी लागली. पट्टा मनगटावर घाला, सरकती कडी घट्ट करा. एक बोट आत जाईल एवढीच ढील ठेवा.

जॉय-कॉनचा पट्टा उलटा घालणं ही फार जुनी चूक आहे. पट्ट्यावर अधिक किंवा उणे असं चिन्ह असतं, जॉय-कॉनवरही असतं. अधिकला अधिक, उणेला उणे जुळवूनच सरकवा. उलटा घातला तर तो अडकतो आणि ओढून काढताना खोबण तुटू शकते. बसल्यावर खालची छोटी खिट्टी लावा.

कपडे आणि दागिने. साडीचा पदर कमरेला खोचा, ओढणी काढून ठेवा. पट्टा असलेल्या हातातल्या काचेच्या बांगड्या वर सारा किंवा दुसऱ्या हाताने खेळा. अंगठी घालून खेळायला हरकत नाही, पण खड्याची अंगठी शेजाऱ्याला लागते. कायनेक्ट असेल तर साडी आणि धोतराचा वेगळाच त्रास होतो: पाय कापडात झाकले गेले की कॅमेऱ्याला गुडघे दिसत नाहीत आणि पडद्यावरचं पात्र वेडंवाकडं हलतं. तिथे हातांपुरतेच खेळ निवडा.

टिकली. ज्या एका बटणाची गरज आहे, म्हणजे स्विचवर मागचं झेडआर किंवा झेडएल आणि वीवर मागचं बी, त्यावर मखमलीची छोटी टिकली चिकटवा. मागचं बटण डोळ्यांना दिसत नाही, बोटाला टिकली लागते. मग ‘झेडआर दाबा’ म्हणायची गरज उरत नाही. ‘टिकली दाबून धरा’ हे आजोबांनाही एका वेळेत कळतं. बाकीच्या बटणांची नावं पहिल्या दिवशी घेऊच नका.

रिकाम्या हाताचा सराव. टीव्ही बंद ठेवा. सगळ्यांना उभं करून रिकामा हात मागे-पुढे हलवायला सांगा, भरलेली कळशी हातात लोंबकळत असल्यासारखा. खांदा हलतो, कोपर सरळ राहतं, मनगट वळत नाही. पाच वेळा. मग तीच हालचाल मूठ वळून. मग मूठ वळून पुढे येताना मूठ उघडायची. एवढं झालं की बोलिंग आलं. हा टप्पा पोरांना फालतू वाटतो आणि ते तो गाळायला लावतात. गाळू नका.

## ६. पहिला गेम बोलिंगच

वीवर वी स्पोर्ट्स या गेममध्ये बोलिंग आहे, स्विचवर स्विच स्पोर्ट्समध्ये. दोन्हीकडे तेच पहिलं ठेवा. कारणं साधी आहेत. घाई नाही, चेंडू तुमची वाट बघतो. कुणी समोरून हरवत नाही. एकेकट्याची पाळी असल्यामुळे बाकीचे बघून शिकतात. आणि पहिल्याच फेकीत दोन-चार पिना तरी पडतात.

शब्दाची गफलत आधी दूर करा. आपल्याकडे ‘बॉलिंग’ म्हणजे क्रिकेटचं बॉलिंग. तुम्ही ‘आता बॉलिंग करा’ म्हटलं की मामा हात खांद्यावरून गरागरा फिरवतात, आणि वर पंखा असतो. स्पष्ट सांगा: चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडायचा, हात खालून, फेकताना कमरेच्या वर न्यायचा नाही.

क्रम असा:

१. चौकोनात उभे राहा, टीव्हीकडे तोंड.
२. रिमोट छातीसमोर उभा धरा.
३. टिकली दाबून धरा. सोडू नका.
४. हात मागे न्या.
५. पुढे आणा आणि पायाच्या बोटांच्या वर आला की टिकली सोडा.

मेनू सांभाळणाऱ्याने प्रत्येक पाळीला हे चारच शब्द लयीत म्हणावेत: "धरा... मागं... पुढं... सोडा." जास्त बोलू नये. पाळी चालू असताना दिलेली सूचना ऐकू येत नाही, फक्त गोंधळ वाढवते.

चुका आणि त्यांची कारणं:

*चेंडू दरवेळी एकाच बाजूच्या नाल्यात जातो.* पुढे येताना मनगट वळतं. बहुतेक लोक शेवटी मूठ आतल्या बाजूला फिरवतात आणि गेम त्याला फिरकी समजतो. अंगठा वर ठेवायला सांगा. तरीही जमलं नाही तर त्यांना पुढे न वाकता सरळ उभं राहायला सांगा. वाकलं की खांदा वळतो.

*चेंडू मागे उडतो.* हात मागे असतानाच बटण सुटलं. वीवर तर मागचे प्रेक्षक दचकून उड्या मारतात. हसू द्या सगळ्यांना, मग "पायाजवळ येईपर्यंत धरा" एवढंच सांगा.

*चेंडू हातातून सुटतच नाही.* माणूस टिकली सोडायला विसरला, किंवा पूर्ण मूठ आवळून बसलाय. रिमोट तीन बोटांत आणि तळहातात धरायला सांगा, मागचं बोट मोकळं.

*रिमोटच फेकला.* होतं असं. नवख्याच्या डोक्यात ‘सोडा’ म्हणजे सगळंच सोडा. म्हणूनच पट्टा आधी. ज्यांच्याबाबत शंका असेल त्यांना "टिकली सोडा, मूठ नाही" असं सांगा.

स्ट्राइक, स्पेअर आणि गुणांची बेरीज पहिल्या डावात समजावू नका. पडद्यावर आकडे आपोआप येतात. दुसऱ्या डावात कुणीतरी स्वतः विचारतं, "हिचे जास्त कसे झाले?" तेव्हा सांगा: एका फेकीत दहाही पडल्या तर पुढच्या दोन फेकींचे गुण त्यात मिळतात, दोन फेकींत मिळून दहा पडल्या तर पुढच्या एका फेकीचे.

वीचा एकच रिमोट असेल तरी चालतं, बोलिंगमध्ये तो हातोहात फिरवता येतो. पट्टा मात्र प्रत्येक वेळी काढून घालायचा. यात आळस होतो, विशेषतः तिसऱ्या पाळीनंतर. करू देऊ नका.

> तपासा. पहिल्या डावाच्या शेवटी पाच फेकींपैकी तीन तरी कुणाच्या मदतीशिवाय पुढे जातात का? नसतील तर टेनिसकडे वळू नका, अजून अर्धा डाव बोलिंगच.

## ७. मग टेनिस, जोडीने

टेनिसमध्ये वेळेचं गणित येतं, म्हणून ते दुसरं. इथे पात्र स्वतः धावतं, तुम्हाला फक्त हात फिरवायचाय. हे मोठ्याने सांगा, कारण नवखे लोक हॉलमध्ये खरंच धावतात: "तुम्ही जागेवर, पळणारा पडद्यावरचा."

जोड्या लावताना एक सरावलेला आणि एक नवखा अशी जोडी करा, दोन नवखे एकत्र नकोत. स्विचसोबत दोन जॉय-कॉन येतात, चौघांना आणखी एक जोडी लागेल. नसेल तर दोघं विरुद्ध यंत्र. एकटा खेळत असेल तर एकाच हातावर पुढचं आणि मागचं अशी दोन्ही पात्रं हलतात, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘दुसरा कोण खेळतोय’ यातच लक्ष जातं.

चूक बहुतेक एकच: लोक फार लवकर आणि फार जोरात हात फिरवतात. चेंडू जाळीच्या वरून आला की "एक", पात्राजवळ टप्पा पडला की "हाण". मेनू सांभाळणाऱ्याने पहिले दहा चेंडू हे मोठ्याने म्हणावं, मग गप्प बसावं. जोरापेक्षा वेळ महत्त्वाची. लवकर फिरवला तर चेंडू एका बाजूला, उशिरा फिरवला तर दुसऱ्या बाजूला जातो, एवढंच. मनगटाची छोटी झटकही पुरते, दुखरा खांदा असलेल्यांनी तशीच खेळावी.

सर्व्हिसला एकदा हात हलका वर (चेंडू उडतो), मग फटका. इथे नवखे हमखास अडकतात. पहिल्या दिवशी सर्व्हिस सरावलेल्या जोडीदाराकडेच ठेवायचा प्रयत्न करा.

## ८. पहिल्या दिवशी काय टाळावं

बॉक्सिंग नको. दोन्ही हात, सतत, जोरात, दोन मिनिटांत दम लागतो आणि दोघं नकळत एकमेकांकडे सरकतात. स्विच स्पोर्ट्समधला फुटबॉल नको, त्यात हात हलवण्याबरोबर अंगठ्याने फिरवायच्या काडीने (स्टिकने) पळावंही लागतं. व्हॉलीबॉल नको, पाळीगणिक काम बदलतं. तलवारबाजी तरुण मंडळींसाठी ठेवा.

वी स्पोर्ट्समधला बेसबॉल आपल्याकडच्या लोकांना लगेच ओळखीचा वाटतो, पण क्रिकेटची सवय आड येते. बॅट खाली टेकवून सरळ बॅटने खेळू नका. रिमोट दोन्ही हातांनी खांद्याजवळ उभा धरा आणि आडवा फिरवा.

नाच हवाच असेल तर जस्ट डान्स शेवटी. स्विच असेल तर मोबाईलवर त्याचं ॲप टाकून फोनच रिमोट म्हणून वापरता येतो, त्यामुळे वेगळे कंट्रोलर लागत नाहीत. फोन उजव्या हातात धरायचा, गुण उजव्या हाताच्या हालचालीवर मिळतात. पडद्यावरचा नर्तक आरशासारखा असतो, म्हणजे तो जी बाजू हलवतो तीच तुमच्या समोरची बाजू. डावखुऱ्यांनीही फोन उजव्या हातात धरावा. फोनला पट्टा नसतो आणि घामेजल्या हातातून तो निसटतो, तेव्हा फोनच्या कव्हरला गळ्यातल्या आयडी कार्डाची दोरी बांधून ती मनगटाला गुंडाळा.

## ९. बसून खेळणारे आणि तब्येत

गुडघे दुखतात म्हणून आजी ‘मी बघते’ म्हणतात. बोलिंग आणि टेनिस खुर्चीवर बसून तितकंच नीट खेळता येतं, कारण जॉय-कॉन आणि वीचा रिमोट फक्त हाताची हालचाल मोजतात. हात नसलेली खुर्ची घ्या, प्लॅस्टिकची चालेल, पण ती सरकणार नाही एवढं बघा. बोलिंगसाठी खुर्ची थोडी तिरकी करा, म्हणजे हात मांडीला न अडता मागे जातो.

पंधरा मिनिटं खेळ, पाच मिनिटं बसणं आणि पाणी. पहिली बैठक सव्वा तासात आटपा. दुसऱ्या दिवशी खांदा भरून आला तर पुढच्या रविवारी कुणी येणार नाही. पेसमेकर असेल, किंवा लुकलुकत्या प्रकाशाने फेफरं येण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत जड वाटलं किंवा चक्कर आली तर डाव अर्धवट सोडा, पूर्ण करण्याचा आग्रह नको.

## १०. मध्येच अडलं तर

वीचा बाण दिसत नाही: मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून सेन्सर बार बघा. दोन्ही टोकांना जांभळट ठिपके दिसले तर बार चालू आहे, मग ऊन किंवा दिवा शोधा. ठिपके नसतील तर वायर तपासा, ती दारात चेपून तुटते.

जॉय-कॉनची जोडणी मध्येच सुटते: खेळणाऱ्याने तो अंगामागे धरला किंवा मध्ये कुणी उभं राहिलं, एवढ्यानेही होतं. डॉक पुढे ओढा. तरीही नाही तर पट्टा काढा, कडेच्या दोन बटणांमधलं गोल छोटं बटण दाबून धरा आणि नव्याने जोडा.

कुणी दुखावलं किंवा हिरमुसलं: सलग तिसऱ्यांदा हरलेल्या माणसाला लगेच दुसरा गेम देऊ नका. त्यांना जोडीदार द्या आणि बोलिंगवर परत या.

उठताना जॉय-कॉन कन्सोलला लावा, पट्टे कोरड्या फडक्याने पुसून वेगळे ठेवा, चौकोनाची चिकटपट्टी तशीच राहू द्या. टिकल्या मात्र त्याच दिवशी काढा, आठवडाभर राहिल्या तर डिंक बटणाला धरतो. दुसरी बैठक आठ-दहा दिवसांच्या आत ठेवा आणि तिची सुरुवात पुन्हा बोलिंगनेच करा. त्या दिवशी टिकली न लावता रिमोट द्या, बोट बहुतेकांचं आपोआप बरोबर जागी जातं. आणि ज्या दिवशी काकू स्वतः विचारतील, "तो मेनू मला दाखव," त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसा आणि बटणं त्यांनाच दाबू द्या.